लागला का?

माधवनगरात भाड्यानं राहायला गेले तेव्हा घरमालकांनी मला दोन अटी घातल्या. गच्चीवर पापड वाळत घालायचे नाहीत आणि उजाडल्यावर लोळत पडायचं नाही. पहिली अट मी मोठ्या मनानं मान्य केली, कारण पापड लाटणं मला या जन्मी जमणार नाही. दुसरीचं कारण विचारलं, तर ते मिशीतल्या मिशीत म्हणाले, "कळंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. माझ्या खिडकीखाली एक इंजिन खाकरलं, थुंकलं, पुन्हा खाकरलं आणि पाठोपाठ आरोळी आली, "लागला काऽऽ?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईमाणसाचं उत्तर आलं, "लागलाऽऽ!"

"दोनीऽऽ?"

"दोनीऽऽ!"

मला वाटलं, गॅसच्या शेगडीची चौकशी चालली असेल. माणूस बायकोची एवढी काळजी घेतो म्हणून मी कौतुकानं खिडकीतून वाकून बघितलं, तर खाली फणसाच्या झाडाजवळ एक जुनी लष्करी जीप उभी, तिच्यात घरमालक ताठ बसलेले, एक पाय ब्रेकवर. ब्रेकचा दिवा ही मोठी चमत्कारिक चीज आहे. गाडी आपली, बल्ब आपला, पाय आपला, पण तो लागला की नाही हे आपल्याला दिसत नाही. त्यासाठी मागं कुणीतरी लागतं. आमच्या घरमालकांच्या मागं त्यांची बायको, म्हणजे काकी होत्या.

त्यांना सगळं माधवनगर सुभेदार म्हणायचं. दारावर पाटी होती, पाटीवर नाव होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती. मूळचे खंडाळा तालुक्यातले. सैन्यातून पेन्शन घेतल्यावर इथं आले, कारण काकींचे वडील इथल्या गिरणीत होते आणि हे घर त्यांचं. आता सासऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला मराठीत एक चांगला शब्द आहे, पण तो सुभेदारांसमोर उच्चारायची कुणाची छाती नव्हती. ते म्हणत, "आमी इथं पोस्टिंगवर हाय."

सैन्यात ते नेमकं काय करत होते, हाही एक वादाचा विषय होता. त्यांच्या बोलण्यावरून वाटायचं की देशाची सगळी बिनतारी यंत्रणा यांच्या एकट्याच्या खांद्यावर होती. काकींनी मला हळूच सांगितलं, "कशाचं बिनतारी! रेशनच्या स्टोअरला हुतं. डाळ-तांदूळ मोजायचं." पण तार म्हटलं की सुभेदारांच्या अंगात येई हे खरं. जीप त्यांनी लिलावात घेतलेली. चारही चाकं ओढणारी. माधवनगर ते सांगलीचा बाजार हा रस्ता माझ्या तळहातासारखा सपाट, तरी ते पावशेर मिरच्या आणायला निघाले की खाली वाकून तो दुसरा दांडा ओढत आणि म्हणत, "फोर बाय फोर." मिरच्या कधी चिखलात रुतल्या नाहीत, हे त्या दांड्याचेच उपकार म्हणायचे.

एकदा मात्र ती चार चाकं खरंच कामाला आली. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, बस बंद, रिक्षा बंद, आणि सुभेदार जीप काढून बाहेर पडले. दुधाच्या पिशव्या, पाव, कुणाची म्हातारी, कुणाची शेरडं, जे हाताला लागलं ते त्यांनी वाहिलं. मी तेव्हा तिथं नव्हते. पण त्या जीपबद्दल वाटेल ते बोलणारे लोकही पुराचा विषय निघाला की आवाज खाली आणून बोलतात, ते मी ऐकलंय. स्वतः सुभेदार त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. त्यांचं दुःख निराळंच होतं. "पानी मागच्या दिव्यात शिरलं, बाई. सगळ्या वायरी कुजल्या."

तिथून वायरिंग सुरू झालं. आणि मी राहायला गेले तरी ते संपलं नव्हतं.

सांगलीच्या रस्त्याला एका चाचांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. कुणीही शहाणा माणूस गाडी तिथं लावून चहा प्यायला गेला असता. पण सुभेदारांना गाडीला परक्याचा हात लागलेला खपत नसे. जिथं तार कमी पडली तिथं त्यांनी गणपतीच्या माळेची तार जोडली. ती संपल्यावर काकींच्या जुन्या मिक्सरची. इस्त्रीची वायर तर मी स्वतःच्या डोळ्यांनी सायलेन्सरवरून गेलेली बघितली, कापडी वेष्टणासकट. परिणाम असा झाला की ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिचकायचा, डावा इंडिकेटर दिला की नंबरप्लेटचा दिवा मंद व्हायचा, आणि रिव्हर्स टाकला की हॉर्न वाजायचा. या शेवटच्या गोष्टीबद्दल मी विचारलं, तर म्हणाले, "ती मुद्दामच ठेवलीय. लोकांनी बाजूला व्हायला नको?"

त्यांचं एक वचन होतं. "बाई, अर्थ नीट असला की सगळं लागतं." मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भारावून गेले. मी ते वर्गात सांगितलं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं, एका मुलीनं तर कोणत्या संतांचं म्हणून विचारलं. मग एका रविवारी सुभेदारांनी मला जीपखाली बोट दाखवून सांगितलं की अर्थ म्हणजे बल्बपासून गाडीच्या पत्र्याला जोडायची काळी तार. "अर्थिंग, बाई! त्यो न्हाई तर करंट परत कसा जानार?" पोरांना मी काही सांगितलं नाही. वाक्य तसंही चुकीचं नव्हतं.

मोबाइलवर व्हिडिओ बघा, सगळं दाखवतात, असं मी एकदा सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शत्रूकडून कुमक मागवा म्हणाले. पण निवृत्त फौजींचा एक ग्रुप त्यांच्या मोबाइलवर होता. त्यात ते जीपच्या पोटाचे फोटो टाकत आणि पंजाबपासून केरळपर्यंतचे रिटायर्ड लोक सल्ले देत. एकानं लाल तार पिवळीला जोडा म्हटलं, दुसऱ्यानं जय हिंद म्हटलं. सुभेदारांनी दोघांचंही ऐकलं.

काकी या सगळ्यात कधी पडत नसत. दिवसभर चूल, तुळस, देव आणि सकाळची ती एक आरोळी. मी जिन्यावरून उतरले की आतून हाक यायची, "बाई, नवी चप्पल घ्येतली व्हय?" मला वाटायचं, काय बाई यांचे कान तिखट! तांदूळ निवडताना त्या ताटाकडे न बघता गप्पा मारायच्या, बोटं आपली खडे शोधत फिरायची. मी मोबाइलवर भाचीचा फोटो दाखवला, तर लांब धरून म्हणाल्या, "लय ग्वाड हाय," आणि चष्मा आत राहिलाय असंही म्हणाल्या. फोटोत भाची नव्हती, तिनं काढलेलं हत्तीचं चित्र होतं. मी मनात म्हटलं, असेल, हत्तीही गोडच असतो. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं. सुभेदारांनी तो शेवटपर्यंत प्यायला आणि म्हणाले, "ड्युटीवर ह्येच्यापेक्षा वाईट प्यालोय." असल्या घरात शंका यायला जागाच नव्हती.

जीपचं पासिंग संपत आलं होतं. आरटीओत गाडी न्यायची, साहेब मागं उभा राहणार, ब्रेक दाब म्हणणार, आणि दिवा लागला नाही तर गाडी नापास. नापास गाडी रस्त्यावर आणायची नाही. मग उरतं ते भंगारवाला. सुभेदारांनी या विचारानं जेवण टाकलं होतं, म्हणजे एक भाकरी कमी केली होती. सकाळच्या आरोळ्या वाढल्या. काकींचं उत्तर मात्र ठरलेलं, "लागलाऽऽ! दोनीऽऽ!" आणि पास होणार या खात्रीनं सुभेदार मिशीला पीळ देत.

अशाच एका सकाळी मी माझ्या स्कूटीवरून कॉलेजला निघाले. पुढं जीप होती. सुभेदार आणि शेजारी काकी, बाजाराला. चाचांच्या दुकानासमोर एक शेळी रस्त्यात आली आणि सुभेदारांनी ब्रेक मारला. मला काही कळायच्या आत मी स्कूटीसकट जीपच्या मागच्या पत्र्यावर जाऊन आदळले. गुडघा फुटला, साडीचा काठ गेला, आणि शेळी आमच्याकडे बघत उभी राहिली.

सुभेदार उतरले आणि पहिलं काय विचारलं असेल? लागलं का, असं विचारलं? छे! म्हणाले, "बाई, ब्रेकचा दिवा दिसला न्हाई?"

"लागला असता तर दिसला असता!"

"न्हाई कसा लागला? सकाळीच तपासलाय! इचारा हिला!"

काकी गाडीत बसूनच म्हणाल्या, "लागला हुता की."

आता घरमालकीण साक्ष देत असताना भाडेकरणीनं काय बोलावं? मी गुडघा धरून रस्त्याच्या कडेला बसले. तेवढ्यात चाचा दुकानातून आले. हात पुसत त्यांनी आधी माझा गुडघा बघितला, दुकानातल्या माणसाला पाणी आणायला सांगितलं, मग जीपच्या मागं वाकले. लाल काच काढली. इस्त्रीच्या वायरपाशी आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"सुभेदारसाब, ये गाडी है का गणपतीचा मांडव?"

लोक जमले होते, हसले. चाचांनी बल्ब काढून उन्हात धरला. आतली तार तुटलेली, काच काळी पडलेली, होल्डरवर हिरवा गंज साचलेला. "ये तो कब का मर गया. दुसरा पण तसाच. आणि अर्थ तर न्हाईच. महिनोन्‌महिने लागला नसेल ह्यो."

"आज सकाळी लागला हुता," सुभेदार म्हणाले, पण आवाजातली कडक इस्त्री थोडी उतरली होती. मग ते काकींकडे वळले. "अगं, काय म्हनत्यात ह्ये?"

काकी पदर सावरत म्हणाल्या, "आवं, न्हाई म्हनलं की तुमी गाडीखाली जाता. मग च्या गार हुतो. म्हनून म्हनते लागला."

झालं! सगळा रस्ता हसला. मीही हसले, गुडघा दुखत असताना हसले. सुभेदारांचा चेहरा लाल झाला. चाचांनी नवीन होल्डर बसवले, पत्र्याला काळी तार आवळली, बल्ब लावून बघितले आणि पुन्हा काढून हातात घेतले. नव्या होल्डरात जुन्याचा थोडा गंज सांडला होता, तो पुसायचा होता. पण सुभेदारांना एवढा दम कुठला!

"उतर खाली," ते काकींना म्हणाले. "हितं मागं उभी ऱ्हा. चार लोकांदेखत बघ आनि खरं सांग." आणि जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसले. चाचा "ठहरो साब" म्हणेपर्यंत त्यांनी पाय दाबला.

"लागला का?"

काकी दिव्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. दिव्याच्या जागी दोन रिकामी भोकं होती. बल्ब चाचांच्या हातात होते.

"लागला की!" काकी म्हणाल्या. "चांगला लालभडक लागलाय."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या भोकांकडे बघितलं. लोकांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"दोनी?"

"दोनी!"

सुभेदार विजयी मुद्रेनं उतरले. "बघा बाई! म्हनलं न्हवतं?" असं म्हणत ते मागं आले आणि त्यांना चाचांच्या हातातले बल्ब दिसले. मग ती रिकामी भोकं दिसली. मग काकी दिसल्या, लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बहुधा पहिल्यांदाच. काकी हसऱ्या चेहऱ्यानं, त्या जिथं उभ्या होत्या तिथून जरा बाजूला, हवेकडे बघत होत्या.

ते ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी काकींचं मनगट धरलं, गाडीपर्यंत नेलं, पाय ठेवायची जागा हातानं दाखवली. "चल. बस," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तो दुसरा दांडा ओढला नाही.

घरी काकींनी मला सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तो त्यांनी लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता. त्यांच्या आईनं डोळा कापून घेतला होता आणि तिला पुन्हा कधी दिसलंच नाही. ती भीती काकींच्या मनात इतकी घट्ट बसली होती की थोडं धुरकट दिसणं त्यांना परवडत होतं. धुरकटचा अंधार झाला तरी त्या गप्पच. "आनि ह्यांना कसं सांगनार?" त्या पुढं म्हणाल्या. "डोळ्यात बिघाड हाय म्हनलं असतं, तर ह्ये पक्कड घिऊन सोताच बसलं असतं."

मी हसले, पण मला रडू आलं होतं, आणि ते काकींना दिसणार नाही हे कळल्यावर आणखी आलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की फार उशीर केलात. मोतीबिंदू काढल्याशिवाय मागचा पडदा किती शाबूत आहे ते कळणार नाही. एक डोळा आधी करू, दिसेल अशी आशा ठेवू, खात्री देत नाही. सुभेदारांनी सावधानमध्ये उभं राहून हे ऐकलं. ऑपरेशनसाठी जो दिवस मिळाला तोच जीपच्या पासिंगचा दिवस होता. मी मुद्दाम आठवण करून दिली. ते म्हणाले, "कसलं पासिंग?" आणि रिक्षा बोलावून आणली. अर्थात सुभेदार ते सुभेदारच. रिक्षात बसण्याआधी मागं जाऊन त्यांनी रिक्षावाल्याला सुनावलं, "तुझा उजवा दिवा लागत न्हाई, गड्या. कुनाचा तरी गुडघा फोडशील."

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. काकी काळा चष्मा लावून घरी आल्या आणि त्यांना सगळं दिसायला लागलं. म्हणजे त्या तसं म्हणत. तुळस दिसते? दिसती. कॅलेंडर? दिसतंय. आमचे शेजारी? तेबी दिसत्यात. घरात कुणाचाच विश्वास बसेना. तपासणीला नेलं तेव्हा भिंतीवरच्या पाटीतली अक्षरं त्यांनी धडाधड म्हणून दाखवली. डॉक्टर खूश झाले. पण बाहेर बाकावर बसलेल्या सुभेदारांच्या लक्षात आलं होतं की आधीच्या म्हातारबाबांनी ज्या ठेक्यात अक्षरं म्हटली त्याच ठेक्यात काकींनी म्हटली, जिथं ते खोकले तिथं काकीही थांबल्या. परत येताना ते मला म्हणाले, "बाई, हिच्या हो म्हनन्याला काय किंमत न्हाई. हिला हो म्हनायची सवय लागलीय. ही न्हाई म्हनली तर मी खरं मानीन."

आयुष्यभर ज्या माणसाला नाही ऐकून घ्यायची सवय नव्हती, त्याचे हे शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला जायला जिन्यावरून उतरले, तर सुभेदार जीपच्या मागं उभे. त्यांनी माझ्या हातात काहीतरी कोंबलं. डाव्या बाजूचा ब्रेकचा बल्ब होता. "धरा. बोलू नका." मग त्यांनी काकींना बाहेर बोलावलं, फणसाजवळ उभं केलं, आणि जाऊन पुढं बसले. आमच्याकडे पाठ, मान ताठ.

"लागला काऽऽ?"

काकी खोटंही का बोलत नाहीत, असं मला वाटलं. त्यांनी काळा चष्मा थोडा वर केला, मान पुढं काढली.

"लागला का गं?"

"डावा मेलाय," काकी म्हणाल्या. "उजवा लागलाय. पर त्येच्या काचंवर कावळा हागलाय. आनि आवं, ह्यो मागचा पत्रा किती गंजलाय! असल्या गाडीतनं मला बाजारात मिरवत हुता व्हय? लोकं काय म्हनत असत्याल!"

सुभेदार समोर बघत बसून राहिले आणि उजवा दिवा तसाच जळत राहिला.

"आवं, झालं की!" काकी ओरडल्या. "काढा पाय! बॅटरी उतरंल!"

दिवा जळतच होता. काकी जरा वेळ बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"डोळं पुसत असत्याल. बसू द्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आनि बाई, त्यो मुठीतला बल्ब द्या हिकडं. मगापास्नं दिसतोय."